आधी घड्याळ तपासा

काशीमीऱ्यात राहून नेटवर्किंगमध्ये संशोधन करता येतं का, असं दर जुलैत मला कोणी ना कोणी विचारतं. आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं भरपूर. कॉलेजात प्रोजेक्टचा विषय द्यायची तारीख जवळ आली की लिफ्टमध्ये गाठून "ताई, नेटवर्किंगमधला एखादा विषय सांगा ना" सुरू होतं. विषय सगळ्यांनाच हवा असतो. प्रश्न कोणाकडेच नसतो.

मी मुंबई विद्यापीठाच्याच एका कॉलेजातून बी.ई. केलं, पुढे एम.टेक., आणि आता सर्व्हर नि नेटवर्क यांच्यावरच पोट चालतं. त्यामुळे सल्ला मागितला की देते. पण तो ऐकून बहुतेकांचे चेहरे पडतात. मी ब्लॉकचेन सांगत नाही, एआयने हॅकर पकडायला सांगत नाही. मी म्हणते, रात्री नऊला तुझ्या घरातला व्हिडिओ कॉल का अडकतो ते शोधून काढ. "एवढंच?" असं तोंडावर कोणी म्हणत नाही, पण दिसतं.

हॅकर पकडण्याबद्दल आधी बोलून घेते, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच रुततात. इंट्रूजन डिटेक्शनच्या नावाखाली होणारे कितीतरी प्रोजेक्ट अजूनही 'केडीडी कप ९९' या डेटावर चालतात. हा डेटा आला १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत झालेल्या प्रयोगातून. अमेरिकी हवाई दलाच्या नेटवर्कवर असावी तशी वाहतूक तिथे मुद्दाम घडवली आणि तीत हल्ले पेरले. आपल्याकडे व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे जेमतेम तीन वर्षं आधी. त्या डेटात यूट्यूब नाही, व्हॉट्सॲप नाही, फोनवरून केलेलं पेमेंट नाही. शिवाय त्याच त्या नोंदी इतक्या वेळा आल्यात की कुठलाही अल्गोरिदम लावा, अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांच्या घरात जाते. ब्लॅकबुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालात, सोनेरी अक्षरांखाली तो आकडा छापून येतो आणि सगळे खूश. या डेटावर शिकलेला प्रोग्रॅम आज आपल्या राऊटरला लावला तर काय पकडेल, हा प्रश्न व्हायव्हातसुद्धा क्वचित निघतो.

उलट या क्षेत्रातले मोठे शोध बघितले तर ते बरेचदा उंबऱ्यावरच लागलेले आहेत. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथलंच बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस. दोन इमारतींमधलं अंतर चारशे यार्ड. व्हॅन जेकबसन तिथेच नोकरीला होता. असं का झालं ते त्याने खणून काढलं, आणि १९८८ साली त्याने लिहिलेल्या पेपरमधल्या युक्त्या आजच्या टीसीपीतही आहेत. दुसरा जिम गेटीस. २०१० मध्ये घरून जुन्या फायली एका सर्व्हरवर चढवताना घरातलं इंटरनेट मरगळतंय हे त्याच्या लक्षात आलं. पिंग लावून पाहिला तर उत्तर यायला सेकंदाहून जास्त वेळ. घरच्यांनी तक्रार केली आणि बापाने राऊटर बंद-चालू केला, एवढ्यावर तेही संपलं असतं.

आणि हे अमेरिकेतच घडतं असंही नाही. जुहूला एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधनाची सरकारी संस्था होती. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कचं ते एक मुख्य केंद्र. १९८९ मध्ये तिथून अमेरिकेला जी लाइन जोडली गेली तिचा वेग होता ९.६ किलोबिट. देशभरातल्या संशोधकांची परदेशची ईमेल त्या लाइनवरून जायची. ज्यांच्याकडे एवढंच होतं त्यांना कुठलं पॅकेट कुठे खोळंबतंय हे बघावंच लागे. आपल्याला महिन्याच्या पाचशे-सातशे रुपयांत शंभर मेगाबिट मिळतात, म्हणून आपण बघायचं सोडलं.

आमच्या बी.ई.च्या प्रोजेक्टला प्रश्न मिळाला तो असाच घरातून. इमारत काशीगावच्या बाजूची, मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. केबलवाल्याची फायबर या गच्चीवरून त्या गच्चीवर गेलेली. मेट्रोच्या खोदकामात ती तुटली की चार इमारतींचं इंटरनेट एकदम जायचं, ते वेगळंच. पण एरवीही रोज रात्री व्हिडिओ कॉल अडकायचा आणि सगळी इमारत केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडायची. एक लाइन दहा घरांना विकतो, दुसरं काय! मी आणि माझी पार्टनर, दोघींनी ठरवलं की हे सिद्धच करून दाखवू. विद्यापीठाच्या फॉर्मवर नाव झोकदार लिहिलं, पण आतला प्रश्न साधा होता: अडकतं ते घराच्या आत की घराच्या बाहेर?

सामान फार लागलं नाही. एक जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि मुंबईतल्याच एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर. पाय दर सेकंदाला सर्व्हरकडे एक बारीक पॅकेट पाठवणार, सर्व्हर ते परत पाठवणार, आणि निघताना-पोचताना दोन्हीकडे वेळेचा शिक्का पडणार. म्हणजे जायला किती लागलं आणि यायला किती, हे वेगवेगळं कळावं. पाय राऊटरला केबलने जोडला होता, वायफायने नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मुलं हमखास वायफायवर मोजतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेदणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. आपल्याकडच्या इमारतीत फोन उघडून बघा, तीन चॅनलांवर वीस-पंचवीस राऊटर ओरडत असतात. तिथे तुम्ही तुमची लाइन मोजत नसता, शेजारी काय बघतोय ते मोजत असता.

पहिलं उत्तर लवकर मिळालं आणि ते कोणालाच आवडलं नाही. केबलवाला निर्दोष होता, निदान या गुन्ह्यात. रात्री घरातले सगळे फोन वायफायवर येतात, चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाऊडवर चढवायला घेतात. अपलोड भरलं की कॉल अडकतो. गणित करून बघा. अपलोड १० मेगाबिटचं आणि मोडेममधला बफर, म्हणजे पॅकेट थांबायची जागा, १ मेगाबाईटचा धरा. १ मेगाबाईट म्हणजे ८ मेगाबिट. बफर पूर्ण भरलेला असेल तर शेवटी आलेल्या पॅकेटला बाहेर पडायलाच ०.८ सेकंद लागणार. आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांत पोचावा अशी आयटीयूची शिफारस आहे. इथे पाचपटीहून जास्त झाले. दहिसर टोलनाक्याचं उदाहरण मी मुलांना देते. हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला तरी रांग लागतेच, आणि त्या रांगेसाठी मागे कितीही रस्ता मोकळा ठेवला तरी गाड्या लवकर सुटत नाहीत, फक्त जास्त गाड्या उभ्या राहतात. मेमरी स्वस्त झाली तसे मोडेमवाल्यांनी बफर वाढवत नेले. गेटीसला घरी सापडलं ते हेच. पॅकेट पडू नये हा हेतू चांगलाच होता. पण टीसीपी पॅकेट पडल्यावरच आपला वेग आवरतं. पडूच दिलं नाही तर ते पाठवतच राहतं.

यावरचा उपाय आम्ही शोधलेला नाही. कॅथलीन निकोल्स आणि तोच जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघते. तिचं सुधारलेलं रूप, एफक्यू-कोडेल, लिनक्समध्ये आहे, ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या कुठल्याही स्वस्त राऊटरवर चालू करता येतं. अट एवढीच की राऊटरचा अपलोड वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी बांधून घ्यायचा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या ताब्यातल्या राऊटरमध्ये लागते. आमच्या घरी ते बसवलं आणि कॉल अडकायचा थांबला. आईच्या दृष्टीने प्रोजेक्ट तिथेच संपला.

संपला नव्हता. कारण आलेखात एका रात्री पॅकेट निघायच्या आधीच पोचलेलं दिसत होतं. पायकडून सर्व्हरकडे जायचा वेळ: वजा १८५ मिलिसेकंद. एक-दोन ठिपके असते तर सोडून दिले असते. सलग कित्येक मिनिटं रेघ शून्याच्या खाली.

पार्टनर म्हणाली, "मायनस काढून टाकू या ना, ॲब्सोल्यूट घेऊ." आमच्या गाइड मॅडमनी तिच्याकडे बघून विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय? ते प्लस आहेत म्हणून बरोबर आहेत?"

या एका प्रश्नात आमचं पुढचं सगळं सेमिस्टर गेलं आणि मला वाटतं तेवढंच सार्थकी लागलं. झालं होतं ते असं. आमच्या पायला स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. वेळ तो इंटरनेटवरून विचारून घेई, एनटीपीने. डेव्हिड मिल्सने १९८५ साली मांडलेली ही पद्धत फार हुशार आहे, पण ती एक गोष्ट धरून चालते: सर्व्हरपर्यंत जायला आणि तिथून यायला सारखाच वेळ लागतो. आमच्या प्रयोगात नेमकं हेच खरं नव्हतं. अपलोड आम्ही मुद्दाम भरून ठेवलेलं. जाणाऱ्या पॅकेटला ४०० मिलिसेकंद लागत होते, येणाऱ्याला १०. एनटीपीचं पॅकेटही त्याच रांगेत उभं! त्याला वाटलं, आपलं घड्याळच मागे पडलंय. आणि ३९० च्या फरकातला निम्मा, म्हणजे १९५ मिलिसेकंद, त्याने घड्याळ पुढे ढकललं.

आता पुढे काय होतं बघा. घड्याळ पुढे गेल्यामुळे निघायचा शिक्का उशिराचा पडतो, म्हणून जायचे ४०० दिसतात २०५. परत यायचा शिक्काही उशिराचा, म्हणून यायचे १० तेही दिसतात २०५. दोन्ही दिशांना अगदी सारखी गर्दी! केबलवाल्याला फासावर लटकवायला एवढा पुरावा पुरला असता, कारण येणाऱ्या दिशेची गर्दी म्हणजे त्याची लाइन तुंबलेली. मग आम्ही अपलोड थांबवलं. रांग क्षणात संपली, पण घड्याळ एनटीपीच्या पुढच्या दुरुस्तीपर्यंत पुढेच राहिलं. आता खरे १० मिलिसेकंद दिसू लागले वजा १८५. म्हणजे मायनस आकडे हा बिघाड नव्हताच. बिघाड आधीच्या सुबक, अधिक चिन्हाच्या, कोणालाही पटतील अशा आकड्यांत होता. अपलोड रात्रभर चालू राहिलं असतं तर आम्हाला तो कधी दिसलाच नसता.

त्यानंतर कोणाचाही आलेख समोर आला की मी पहिल्यांदा विचारते, वेळ कुठल्या घड्याळाने मोजला? जाऊन-येऊन मिळून वेळ मोजायचा असेल तर एकच घड्याळ पुरतं, आणि तेही मोनोटॉनिक घ्या, म्हणजे मध्येच कोणी उडी मारून दुरुस्त करत नाही. एका दिशेचाच वेळ हवा असेल तर पायला जीपीएसचं मॉड्यूल जोडा. लॅमिंग्टन रोडला मिळतं. फक्त त्याला आकाश दिसायला हवं. आमच्या डोंगराकडच्या खिडकीत त्याला उपग्रह सापडेनात, गच्चीवर न्यावं लागलं. आणि ज्या लाइनवर प्रयोग करताय त्याच लाइनवरून वेळ विचारत असाल तर निदान प्रयोगापुरती ती दुरुस्ती थांबवून ठेवा.

दुसरी सवय मॅडमनी लावली, ती त्याहून स्वस्त आहे. प्रोग्रॅम चालवण्याआधी किती आकडा येईल ते वहीत लिहायचं. गणिताने, अंदाजाने, कसंही. ०.८ सेकंद येतील असं लिहून ठेवलं आणि ०.०८ आले तर तुम्ही थांबता, शोधता. काहीच लिहिलं नसेल तर जो येईल तो आकडा बरोबरच वाटतो, आणि सुधारणा दाखवणारा असेल तर जास्तच बरोबर वाटतो.

सरासरीबद्दल मी फार बोलत नाही, कारण ते सगळं पाठ्यपुस्तकांत आहे आणि तरी कोणी करत नाही. शंभर पॅकेटांपैकी पंच्याण्णव १० मिलिसेकंदांत पोचली आणि पाचांना ९०० लागले तर सरासरी येते ५४.५, जी एकाही पॅकेटने अनुभवलेली नाही. कॉल अडकला तो त्या पाचांमुळे. पूर्ण वाटप दाखवा, पंच्याण्णवावा आणि नव्व्याण्णवावा शतमक दाखवा.

सिस्टिम्समध्ये, म्हणजे सर्व्हर, ऑपरेटिंग सिस्टिम, स्टोरेज या बाजूला जाणाऱ्यांना वाटतं की नेटवर्कसारखी भानगड आपल्याकडे नाही, सगळं एका मशीनमध्ये आहे. एम.टेक.ला मी एका वेब सर्व्हरच्या कामगिरीवर काम केलं तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं. पण लॅपटॉप चार्जरला लावलेला असताना एक उत्तर येतं आणि बॅटरीवर दुसरं, कारण प्रोसेसर आपला वेग आपणच कमीजास्त करतो. मे महिन्यात दुपारी एक आणि पंखा लावून रात्री दुसरं. याचं टोक बघायचं असेल तर मिट्कोविझ आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा पेपर वाचा. त्यांनी दाखवलं की प्रोग्रॅमचा एक शब्दही न बदलता नुसती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची लांबी बदलली, तरी तो जलद किंवा मंद होतो, कारण मेमरीतली मांडणी सरकते. आणि त्या व्हेरिएबलांत लॉगिन केलेल्याचं नावही असतं. म्हणजे लांबलचक युजरनेमवाल्या मुलाचा अल्गोरिदम आखूड नावाच्या मुलीच्या अल्गोरिदमपेक्षा सरस निघू शकतो, आणि दोघं प्रामाणिक असू शकतात. म्हणून प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मशीन, कर्नलची आवृत्ती, चार्जर की बॅटरी, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर कुठला, तारीख-वेळ, हे स्क्रिप्टनेच छापून घ्या. हाताने लिहीन म्हणाल तर लिहिणार नाही.

ज्यांना हार्डवेअर परवडत नाही ते सिम्युलेटरकडे जातात. एनएस-३ उत्तम आहे, फुकट आहे. पण आपली नवी पद्धत कशाशी ताडायची हे आपणच ठरवतो, आणि तिथे हात सैल सुटतो. जुन्या टीसीपी रिनोला हरवून दाखवणं म्हणजे निवृत्त पैलवानाला चीत करणं. लिनक्समध्ये आज मुळात असतं ते क्युबिक, त्याच्याशी लढा. एकाच लॅपटॉपवर खोटं नेटवर्क उभारणाऱ्या मिनिनेटमध्ये वेगळी गोम. त्यातले सगळे होस्ट तुमच्याच लॅपटॉपच्या प्रोसेसरवर नाचतात. त्यात १० गिगाबिटच्या लिंक आखल्या तर तुम्ही मोजाल ती प्रोसेसरची दमछाक. आलेखावर नाव मात्र नेटवर्कचं. लिंक १० किंवा १०० मेगाबिटच्या ठेवा आणि शेजारच्या खिडकीत प्रोसेसर किती भरलाय ते बघत राहा.

घराबाहेर जाऊन केलेलं काम कसं दिसतं हे बघायलाही लांब जावं लागत नाही. वरसावेचा खाडीपूल ओलांडला की पालघर जिल्हा. तिथल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने टीव्हीच्या मोकळ्या लहरींवर इंटरनेट पोचवण्याचा प्रयोग केला. त्याची सुरुवात कागदावरच्या हिशेबाने झाली. आपल्याकडे जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण तेव्हा करायची ती एकटी दूरदर्शन, म्हणून ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या १५ चॅनलांपैकी जवळजवळ सगळीकडे किमान १२ मोकळीच पडून आहेत, असं त्यांनी २०१४ साली मांडलं. या लहरी झाडीतून, चढउतारातून वायफायपेक्षा लांब जातात. मग प्रायोगिक परवाना घेऊन सात गावांत खरी यंत्रं बसली. त्यापुढचं 'ग्राम मार्ग' हे काम २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत १ लाख २५ हजार डॉलरचं पहिलं बक्षीस घेऊन आलं. मला यात जास्त शिकण्यासारखं वाटतं ते त्यांचं पुढचं पाऊल: हे चालवणार कोण, याचं उत्तर त्यांनी ग्रामपंचायतीला भागीदार करून शोधलं. अँटेना बसवून फोटो काढून परत येणारे प्रोजेक्ट मी पुष्कळ पाहिलेत.

लहरींवरून आठवलं. ईएसपी८२६६ नावाची दोन-तीनशे रुपयांची पट्टी मिळते, तिच्यात फुकटचा प्रोग्रॅम टाकला की आसपासच्या वायफायवरून लोकांना बाहेर फेकता येतं. 'वायफाय सिक्युरिटी'चा प्रोजेक्ट म्हणून हा प्रकार मुलांना फार आवडतो. आमच्या भागात एकाने तो सोसायटीच्या आवारात चालवला आणि गेटवरचे सीसीटीव्ही बंद पडले. सेक्रेटरी काका चांगले म्हणून घरच्यांना बोलावण्यावर भागलं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली, परवानगीशिवाय दुसऱ्याचं नेटवर्क अडवणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजाऱ्याची पॅकेट उघडून बघणं, सोसायटीच्या राऊटरवर पोर्ट स्कॅन लावणं, हेही त्याच रांगेतलं. आपलं घर, आपला राऊटर, नाहीतर मालकाची लेखी परवानगी. "सरांनी सांगितलं" ही परवानगी नव्हे.

आणि पेपर. शेवटच्या वर्षाला कुठेतरी पेपर छापून आणला की मार्क मिळतात, म्हणून 'इंटरनॅशनल' नावाच्या नियतकालिकांचा धंदा चालतो. रात्री पाठवा, सकाळी स्वीकारल्याचं पत्र, सोबत पैसे भरायचा क्यूआर. हा रोग वरपर्यंत होता. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत शिरलेल्यांतल्या, त्यांनी तपासलेल्या १००९ नियतकालिकांपैकी त्यांच्या निकषांत ११२ बसली. बाकीच्यांत कोणाचा पत्ता खोटा, कोणाचे संपादक सापडत नाहीत. अशा ठिकाणी छापलेला पेपर पुढे एम.एस. किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत समोरच्याने उघडला, तर तुमच्या बाजूने नाही, विरुद्धच बोलतो. त्यापेक्षा कच्चा डेटा, स्क्रिप्ट आणि ती चालवायची पानभर कृती अशी एक फोल्डर तयार ठेवा, आणि वर्गातल्या एखाद्या आळशी मित्राला द्या. त्याने तुम्हाला फोन न करता तुमचा आलेख काढून दाखवला तर ते काम झालं. मुलाखतीला जाताना मी अजूनही ब्लॅकबुक नेत नाही, ती फोल्डर नेते.

गाइडला नेटवर्किंग येत नसेल, आणि बऱ्याच कॉलेजांत एका सरांकडे वीस-पंचवीस मुलांचे गट असतात, तर ज्यांचा पेपर वाचून तुम्ही काम केलंत त्यांनाच लिहा. लोक उत्तर देतात. पण "आय ॲम अ पॅशनेट स्टुडंट"ने सुरू होणारं पत्र नको. तुमच्या चौथ्या आकृतीत अमुक वेळेला रेघ खाली येते, माझ्या घरी वर जाते, दोन्हीत फरक हा, एवढंच. चार ओळी.

नवे प्रश्न तर इथे पायलीला पन्नास आहेत. मला स्वतःला हवा तो हा: माझ्या घरी एका कंपनीची लाइन, समोरच्या इमारतीत दुसरीची. गॅलरीतून हाक मारली तर ऐकू जाते. पण माझ्याकडून तिकडे जाणारं पॅकेट नेमकं कुठून फिरून जातं? अशी देवाणघेवाण देशातल्या देशात व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी स्थापन झाली आणि तिचा एक्सचेंज मुंबईतच आहे, तरी कंपन्या कुठे हातमिळवणी करतात ते त्यांच्या सोयीवर. पावसाळ्यात एखादी फायबर तुटली की वाट बदलते का, आणि दुरुस्त झाल्यावर परत जुन्या वाटेवर येते का? यासाठी दोन घरं, दोन पाय आणि जून ते सप्टेंबर एवढा काळ पुरे. साधा ट्रेसरूट लावू नका. वाटेत भार वाटून देणारे राऊटर असले की तो दोन वाटांची एक खोटी वाट जोडून दाखवतो. २००६ साली आलेला पॅरिस ट्रेसरूट यासाठीच आहे. ज्याला हा विषय घ्यायचा असेल त्याने समोरच्या इमारतीतलं एक घर आणि त्या घरच्यांची परवानगी, दोन्ही आधी मिळवावं, पहिल्या आठवड्याचं आउटपुट घ्यावं आणि मग यावं. रविवारी सकाळी मी घरीच असते.